मी सबनीसांना खाली आणलं

सात उन्हाळे मी एक धर्मशाळा चालवली. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आमच्या मराठी मंडळात कुणी "सध्या काय करता?" असं विचारलं की मी हेच उत्तर द्यायचे आणि समोरच्याचा चेहरा बघत राहायचे. बाकीच्या बायका सॉफ्टवेअर टेस्टिंग करायच्या, बँकेत होत्या, निदान घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. मी धर्मशाळा. एका काकूंनी तर माधवला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

ही धर्मशाळा वॉशिंग्टन राज्यातल्या एका बर्फाळ ज्वालामुखीच्या खांद्यावर होती. उंची दहा हजार फूट. डोंगराचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं हयात आहेत आणि त्यातली एक-दोन चिडकी आहेत. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, चोवीस माणसं झोपतील अशा दुमजली फळ्या, एक स्वयंपाकघर, आणि वारा सुटला की उघडायला दोन माणसं लागतील असं एक दार. तिकडे त्याला हट म्हणतात. गिर्यारोहकांच्या एका जुन्या क्लबची ती हट आणि मी तिची हटकीपर. शिखर तिथून आणखी चार हजार फूट वर. लोक दुपारपर्यंत चढून हटवर यायचे, खायचे, चार तास पडायचे. पहाटेपर्यंत बर्फ कडक असतो, तेव्हाच त्यावरून जावं, म्हणून रात्री एकला निघायचे, सकाळी शिखर गाठायचे आणि ऊन चढून बर्फ भुसभुशीत व्हायच्या आत परत हटवर.

मी मूळची नाशिकची. शाळेत पी. टी. शिकवायचे. पंचविशीत हिमालयात गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. लग्न झालं, माधवच्या नोकरीबरोबर अमेरिकेत आलो, आणि व्हिसाच्या भानगडीत माझी बरीच वर्षं घरात गेली. २००१ मध्ये काम करायची परवानगी हातात आली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. क्लबने हटकीपरची जाहिरात दिली. मुलाखतीला माझ्यासमोर पंचविशीतली दाढीवाली मुलं बसली होती. मला विचारलं, "तुमची सगळ्यात मोठी ताकद काय?" मी म्हटलं, "साठ मुलांना एका शिट्टीत गप्प करते." पुढच्या उन्हाळ्यात मी वर होते.

कामाबद्दल लोकांच्या फार रम्य कल्पना असतात. सूर्योदय, ढगांचा समुद्र वगैरे. ते आहेच. पण दिवसातले सहा तास पाणी बनवण्यात जातात. दहा हजार फुटांवर नळ नाही. फावड्याने बर्फ खणायचा, पिंपात भरायचा, गॅसवर वितळवायचा, गाळायचा. बर्फ कुठून खणायचा याची एक हद्द मी झेंड्या लावून आखली होती आणि त्या हद्दीत कुणी आडोशाला उभा राहिलेला दिसला तर नाशिकची शिट्टी वाजायची. संडासाच्या खाली पिंपं असायची. ती भरली की झाकणं ठोकून रांगेत उभी करायची, मोसम संपला की हेलिकॉप्टर ती उचलून न्यायचं. ती पिंपं बदलायचं कामही माझंच. नाक मुरडू नका, मीही सुरुवातीला मुरडलं होतं. आठवड्याभरात नाक सरळ होतं.

नाशिकहून आणलेला कुकर मी वर नेला होता. इतक्या उंचीवर पाणी नव्वद अंशालाच उकळतं, डाळ तासन् तास शिजत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांचं वरण खायला सगळ्या कंपन्यांचे गाइड माझ्या दारात यायचे.

आणि गिऱ्हाइकं! एक गृहस्थ दार उघडून आत आले आणि म्हणाले, "चेक-आउट किती वाजता?" मी म्हटलं, "रात्री एक." बेलव्ह्यूहून आपलाच एक पुणेरी-नागपुरी ग्रुप आला होता, ऑफिसच्या बुटांमध्ये. "काकू, यार, फक्त थोडं वर जाऊन फोटो काढून येतो." मी पाचही जणांचे बूट काढून स्वयंपाकघरात कुलपात ठेवले आणि सकाळी चहाबरोबर परत दिले. त्यातल्या एकाने खाली गेल्यावर बायकोला फोन करून सांगितलं की वर एक हेडमास्तरीण आहे. बरोबरच सांगितलं.

पण हटकीपरचं खरं काम यातलं कुठलंच नाही. खरं काम बघण्याचं. कोण जेवला नाही, कोण उगाच हसतोय, कोण दस्त्यात, म्हणजे हटच्या नोंदवहीत, नाव लिहिताना अडखळला. माणूस समुद्रसपाटीवरून दोन दिवसांत दहा हजार फुटांवर आला की काहींचं डोकं दुखतं, मळमळतं. बहुतेकांचं रात्रीत बरं होतं. क्वचित एखाद्याच्या मेंदूला सूज येते. त्याला औषध एकच, खाली उतरवणं, आणि तेही लगेच. ही सूज ओळखायची एक साधी रीत आहे. जमिनीवर सरळ रेघ धरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगायचं. माझ्या हटमध्ये जमिनीच्या दोन फळ्यांमधली फट हीच रेघ होती. मी सगळ्यांना त्यावरून चालवायचे. लोक हसायचे, "दारुडे समजता का?" मी म्हणायचे, "चाला."

आता सबनीस.

माझा तिसरा उन्हाळा, २००४. जुलै महिना. एका मोठ्या गाइड कंपनीचा ब्रेंट नावाचा गाइड चार गिऱ्हाइकं घेऊन वर आला. त्यातले एक अठ्ठावन्न वर्षांचे, डोक्यावर टोपी, पाठीवर नवी कोरी सॅक. मी नाव लिहून घेत होते.

"मुकुंद सबनीस," ते म्हणाले, आणि माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून एकदम मराठीत आले. "अहो, तुम्ही मराठी?"

"नाशिकची."

"मी साताऱ्याचा! आता शुगर लँड, टेक्सास. काय सांगू ताई, आमच्याकडे सगळ्यात उंच जागा म्हणजे फ्लायओव्हर."

ते तेलाच्या पाइपलाइनचे इंजिनिअर होते. एक वर्ष त्यांनी सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून ऑफिसच्या इमारतीचे बावीस मजले रोज चढून काढले होते, ह्यूस्टनच्या त्या घामट हवेत. सिक्युरिटीवाल्याने दोनदा हटकलं. मुलगी म्हणाली होती, "बाबा, यू आर क्रेझी." शिखरावरून तिला फोन करणार होते. नंबर कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला होता, ऐन वेळी आठवला नाही तर म्हणून. मला ते आवडले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कुणाला आकसाने लिहिलंय असं वाटायला नको.

संध्याकाळी मी वरण-भात वाढला. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"डोकं दुखतंय?"

"जरासं."

"उलटी?"

"छे छे."

रेघेवरून चालवलं. नीट चालले. मी ब्रेंटला सांगितलं, यांच्यावर लक्ष ठेव. तो म्हणाला, ठेवतो. नंतर कळलं, की हटच्या मागे खडकाआड ते दोनदा ओकले होते आणि सोबतच्या माणसाला त्यांनी "हटवाल्या बाईंना सांगू नका" म्हणून गळ घातली होती.

एक वाजता बाकीचे तयार झाले, सबनीस उठेनात. ब्रेंट मला म्हणाला, "थकलाय. झोपू दे. आम्ही दुपारी बाराला परत." आणि तिघांना घेऊन निघून गेला. मी सबनीसांच्या फळीपाशी जाऊन बघितलं. "झोपू द्या हो," एवढं ते स्पष्ट बोलले. मी झोपू दिलं. तेव्हाच उठवून रेघेवर उभं करायला हवं होतं. तो एक दोष माझा.

साडेसहाला मी चहा घेऊन गेले. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. सबनीस फळीवर बसून बूट घालत होते. उजवा बूट डाव्या पायात ढकलत होते आणि तो जात नाही म्हणून त्याला शिव्या देत होते.

"सबनीस, काय करताय?"

"ब्रेंट निघाला का? एक वाजला ना?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्यांनी उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो, एक वाजला."

मी त्यांना हाताला धरून उभं केलं आणि रेघेवर आणलं. पहिल्याच पावलाला ते डावीकडे कलले आणि थेट माझ्या अंगावर आले. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. अठ्ठावन्न वर्षांचा, बावीस मजले चढणारा माणूस, चालायला शिकणाऱ्या पोरासारखा.

मी वायरलेसवर खाली रेंजर ऑफिसला कळवलं. रेंजर म्हणजे त्या डोंगराचे सरकारी रखवालदार, सुटकेचं कामही तेच करतात. ते म्हणाले, खाली सगळं ढगात आहे, हेलिकॉप्टर उडणार नाही. माणसं पाठवतो, पण तुमच्यापर्यंत यायला सहा तास तरी लागतील. हटवर ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता, तो लावला. तो दीड-दोन तासांचा. दारात येऊन वर बघितलं, तर शिखरावर ढगाची टोपी चढली होती. ही टोपी दिसली की दुपारपर्यंत वादळ हटवर येतं, आणि एकदा आलं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. मग दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी वरही येत नाही आणि खालीही जात नाही.

म्हणजे उतरायचं तर आत्ताच.

मी ब्रेंटला वायरलेसवर पकडलं. तो शिखराच्या अलीकडे कुठेतरी होता.

"तुझ्या माणसाला मेंदूची सूज आहे. मी त्याला खाली नेतेय."

"थांब थांब. तो फक्त दमलाय. मी बाराला येतो, मग बघू. त्याला हलवू नकोस, तो माझा क्लाएंट आहे."

"तुझा क्लाएंट उजवा बूट डाव्या पायात घालून बसलाय."

"आणि तू हट सोडून जाऊ शकत नाहीस. नियम आहे."

नियम होताच. दस्त्यात नाव असलेलं एकही माणूस वर असेल तोवर हटकीपरने हट सोडायची नाही. त्या सकाळी शिखराकडे गेलेल्यांची दस्त्यात अकरा नावं होती. नियम चांगला होता, मूर्खपणाचा नव्हता. परत येणाऱ्या थकल्या माणसाला ऊब हवी, गरम पाणी हवं, कोण आलं, कोण राहिलं हे मोजणारं कुणी हवं. मी दोन मिनिटं दस्त्यासमोर उभी राहिले. अकरा जण आपल्या पायांवर होते. एक जण नव्हता. मी दस्ता मिटला.

निघताना स्टोव्ह बंद केले, बाहेर जाऊन गॅसच्या सिलिंडरची कळ फिरवून बंद केली. सिलिंडर दाराबाहेर एका लाकडी पेटीत असायचा. हट रिकामी राहणार असेल तर सिलिंडर बंद करायचा, हाही नियम. हात आपोआप चालले. चिठ्ठी लिहायची राहिली. घाईत लक्षातच आलं नाही.

आठ वाजता आम्ही निघालो. दोघांमध्ये आखूड दोर, सबनीस पुढे, मी मागे, म्हणजे ते घसरले तर मी ओढून धरायचं. ते माझ्याहून वीस किलोने जड. पहिल्या अर्ध्या तासात ते सोळा वेळा पडले असतील, मी मोजणं सोडून दिलं. प्रत्येक वेळी गिर्यारोहकाची कुऱ्हाड बर्फात रोवून, टाचा रुतवून त्यांना थांबवायचं, मग उठवायचं. शेवटी सरळ उतारावर मी त्यांना ताडपत्रीवर बसवलं, दोर कमरेला घेतला आणि पोत्यासारखं सोडत सोडत नेलं. वाटेवर दर शंभर पावलांवर झेंडी लावलेली बांबूची काठी असते. एका काठीपासून पुढची काठी, एवढंच जग. मध्येच ते विचारायचे, "ताई, सातारा किती राहिला?" मी म्हणायचे, "आलाच. चला."

नऊ हजारांच्या खाली आम्ही ढगात शिरलो. एक काठी सापडेना. मी त्यांना बर्फात बसवलं, दोराची पूर्ण लांबी सोडून अर्धवर्तुळात शोधत फिरले. काठी आडवी पडली होती, बुटाला लागली म्हणून कळलं. त्या दहा मिनिटांत मला भीती वाटली. बाकी दिवसभर वाटली नाही, वेळ नव्हता.

आणि मग आठ हजारांच्या आसपास तो प्रकार सुरू झाला जो मी पुस्तकात वाचला होता, पण बघितला नव्हता. सबनीस नीट चालायला लागले. आधी पडणं थांबलं. मग ते स्वतः काठ्या शोधायला लागले. सात हजारांवर ते थांबले, वळले आणि म्हणाले, "आपण कुठे चाललोय?"

"खाली."

"का?"

मी सांगितलं. बूट, रेघ, एक वाजला, सगळं. त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

"अहो बाई, मला काही झालेलं नाही. बघा, ठणठणीत आहे." त्यांनी एक पाय उचलून दाखवला. खरंच तोल गेला नाही. "मला परत वर जायचंय."

"वर वादळ आहे."

"ब्रेंट माझा गाइड आहे. तो ठरवेल. तुम्ही कोण? तुम्ही तिथे स्वयंपाक करता ना?"

ताईची बाई झाले होते. पार्किंगपर्यंत मॅडम झाले. त्यांनी कमरेचा दोर सोडायचा प्रयत्न केला तेव्हा मी शाळेच्या मैदानावरच्या आवाजात ओरडले, "सबनीस! दोराला हात लावायचा नाही!" त्यांनी हात मागे घेतला. उरलेली वाट ते माझ्यापुढे ताठ मानेने उतरले.

आम्ही उतरतोय हे मी निघताना वायरलेसवर कळवलं होतं, म्हणून रेंजरांनी माणसं वर न पाठवता खाली अँब्युलन्स उभी ठेवली होती. ती निघण्याआधी त्यांनी खिशातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली, नंबराचा कागद बघितला आणि परत खिशात ठेवला. त्या एका क्षणी मला त्यांचं फार वाईट वाटलं. निर्णयाबद्दल वाईट वाटलं नाही.

मला त्या दिवशी वर परत जाता आलं नाही. सबंध डोंगर पांढरा झाला होता. संध्याकाळी रेंजर ऑफिसच्या वायरलेसवर ब्रेंटचा आवाज आला. सगळे अकराही हटवर पोहोचले होते. पण केली नावाची चोवीस वर्षांची एक मुलगी आणि तिचा जोडीदार सगळ्यांच्या आधी, दुपारी एक वाजता पोहोचले होते. तिचे बूट आतपर्यंत ओले, पाय बधिर. हट रिकामी. स्टोव्ह पेटेना. गॅस कुठून येतो ते दोघांनाही माहीत नव्हतं. ब्रेंट दोनला आला, त्याने सिलिंडर उघडला. तोवर एक तास गेला होता.

केलीच्या डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं गेली.

मी तिला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. पाय उंच करून ठेवला होता. मी कोण ते सांगितलं. ती रागावली नाही. तिने एकच विचारलं, "गॅस कुठे होता?"

"दाराबाहेर, डावीकडे. लाकडी पेटीत."

तिने उंच ठेवलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बूट काढायला आम्ही त्याच पेटीवर बसलो होतो."

डॉक्टर म्हणाले, बोटं बहुतेक वरच गोठली होती, तासाभराच्या उबेने फारसा फरक पडला नसता. म्हणाले असतील. मी ते वाक्य स्वतःसाठी वापरत नाही. तिची मी समोर बसून माफी मागितली आणि घरी येऊन परत पत्र लिहून मागितली. एक नियम मोडला त्याचं मला काही वाटत नाही. एक नियम पाळला, त्याचं आजही वाटतं.

पंधरा दिवसांनी क्लबच्या कमिटीने बोलावलं. अध्यक्ष मार्गारेट, सत्तरीची, तरुणपणी स्वतः मोठी चढाई केलेली बाई. समोर दोन तक्रारी होत्या. एक ब्रेंटच्या कंपनीची. दुसरी सबनीसांची, चार पानी, इंजिनिअरच्या व्यवस्थित मुद्द्यांत. हॉस्पिटलच्या तपासणीत काही सापडलं नाही, मी पूर्ण शुद्धीत होतो, एका अनक्वालिफाइड स्वयंपाकिणीने मला जबरदस्तीने दोराला बांधून खाली ओढलं. केलीची तक्रार नव्हती.

हॉस्पिटलात काही सापडणार नव्हतंच. सूज वेळेत उतरली की मागे काही ठेवत नाही. हाच या कामातला पेच आहे. माणूस वर मेला असता तर सगळे म्हणाले असते, हटकीपर काय करत होती? तो खाली येऊन बरा झाला, म्हणून सगळे म्हणत होते, हटकीपरने हे काय केलं?

मार्गारेटने एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, की हट सोडून जाण्याचा माझा निर्णय चुकीचा होता आणि त्याबद्दल मला खेद आहे.

"सही केलीस तर मोसम पुरा कर," ती म्हणाली. "वकिलांना एवढाच कागद हवाय. मनापासून असलीच पाहिजे असं नाही."

"गॅस बंद केला आणि चिठ्ठी ठेवली नाही, ही माझी चूक. ते लिही, आत्ता सही करते. हट सोडली, ही चूक नाही. ते लिहिणार नाही."

"दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत."

"नाहीत. एकात एका मुलीची बोटं गेली. दुसऱ्यात एक माणूस जिवंत राहिला."

"तो मेला असता हे तू सिद्ध करू शकतेस?"

"नाही," मी म्हटलं. "तो मेल्यावरच ते सिद्ध झालं असतं. तुला तसं हवं होतं का?"

मी उठले, हटची किल्ली त्या कागदावर ठेवली आणि बाहेर आले.

घरी माधव म्हणाला, "करून टाकायची ना सही. कागदच तर आहे."

"तू केली असतीस?"

"मी केली असती," तो म्हणाला. "म्हणून तर मी इतकी वर्षं एकाच ऑफिसात आहे." मग उठून त्याने चहा केला आणि तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

पुढच्या वर्षी क्लबने एक तरुण जोडपं नेमलं. ते तीन आठवड्यांनी उतरून आलं ते परत गेलंच नाही. पिंपं बदलावी लागतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं म्हणे. जूनच्या शेवटी मार्गारेटचा फोन आला.

"येशील?"

"माझ्या अटी आहेत."

"असणारच."

पहिली, हटवर एकाऐवजी दोन माणसं. दुसरी, गॅसच्या पेटीवर आणि दाराच्या आतून लाल रंगात, लहान मुलालाही कळेल असं चित्र. तिसरी, नियमात एक ओळ घाला, की जीव धोक्यात असेल तर हट सोडायची का नाही हे हटकीपर ठरवेल, खालून कुणी ठरवणार नाही.

"तिसरी कमिटीला पचणार नाही."

"मग कमिटीला पिंपं बदलायला पाठव."

मग ती हसली. तिसऱ्या अटीवरून दोन बैठका झाल्या, पण ओळ आली. लाल पेटी मी स्वतः रंगवली, तीन वेळा. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत मी आणखी दोघांना खाली उतरवलं. एकाने नाताळला कार्ड पाठवलं, दुसऱ्याने पाठवलं नाही. ब्रेंट दर मोसमात यायचा, वरण खायचा. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही, पण मी न सांगताच गिऱ्हाइकांना रेघेवरून चालवायला लागला. मी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं.

२००८ मध्ये गुडघ्याने राजीनामा दिला, म्हणून मीही दिला. त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत मी प्रसादाच्या रांगेत वाढत होते. टेक्सासमधल्या अर्विंगहून नुकताच बदलून आलेला एक तरुण मुलगा ताट घेऊन समोर थांबला. कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं होतं.

"काकू, तुम्हीच का त्या? माउंटनवरच्या?" त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. "म्हणजे, आमच्याकडे ह्यूस्टनहून एक सबनीस काका यायचे, मंडळाच्या प्रोग्रॅमला. ते एक किस्सा सांगतात. एका बाईने त्यांना उगाच ओढत खाली आणलं, समिट हुकलं. तुमची ॲक्टिंग पण करतात. 'सबनीस! दोराला हात लावायचा नाही!' लोक जाम हसतात."

"अजून सांगतात?"

"दरवर्षी. सॉरी काकू. तुम्हाला राग आला असेल."

"बरे आहेत ना ते?"

"एकदम. मागच्या वर्षी आजोबा झाले."

मी त्याच्या ताटात आणखी एक मोदक वाढला.

"मग सांगू दे," मी म्हटलं. "बोलत राहावेत म्हणूनच उतरवलं होतं त्यांना."